चिचेन इत्झाची एक दिवसाची सहल : निघण्याआधी एवढं वाचा

बुकिंग झालं की पहिला फोन ठरलेला असतो. "अहो, सुट्टीवर आलोय, आणि सकाळी साडेसहाला कुठे निघायचं?" त्या फोनचं उत्तर एकदाच नीट लिहून काढावं म्हणून हे पत्रक.

चिचेन इत्झा म्हणजे मेक्सिकोतल्या माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष. तुमचं हॉटेल असलेल्या कानकूनपासून ते साधारण २०० किलोमीटर. टोलच्या रस्त्याने अडीच तास लागतात. पण कानकून किंताना रो राज्यात आहे आणि चिचेन इत्झा युकातान राज्यात, आणि युकातानचं घड्याळ एक तास मागे चालतं. तुमच्या घड्याळात नऊ वाजता पोचलो तरी तिथे आठच वाजलेले असतात, आणि फाटकही आठलाच उघडतं. पहिले दोन तास ऊन सोसवतं आणि गर्दी नसते. त्यानंतर मोठ्या बसगाड्या येऊ लागतात. मधल्या पटांगणात सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे अकरानंतर लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही कंटाळतात. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, म्हणून रविवारची सहल आम्ही ठेवतच नाही.

घड्याळाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. एका कुटुंबातले आजोबा "अकराला गाडीपाशी" म्हटल्याबरोबर आपल्या घड्याळाप्रमाणे अकराला हजर झाले आणि तासभर झाडाखाली बसून राहिले. बाकीची मंडळी वेळेवरच आली, पण बोलणी त्यांनाच बसली! तेव्हापासून राज्याची हद्द ओलांडताना आम्ही गाडीतच सगळ्यांची घड्याळं जुळवून घेतो.

आत गेल्यावर

समोरच कुकुलकानचा, म्हणजे माया लोकांच्या पिसांच्या सर्पदेवाचा, पिरॅमिड. त्यावर चढायला बंदी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड होते. चढण्याऐवजी मोजायला लावा. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, आणि माथ्यावरचा चौथरा धरला की ३६५. नऊ टप्पे आहेत, पण मधल्या जिन्यामुळे त्यांचे एका बाजूला अठरा भाग पडतात, आणि माया लोकांच्या वर्षात वीस-वीस दिवसांचे महिनेही अठराच होते. उरलेले पाच दिवस अशुभ मानत. आमचा गाइड जवळच्याच गावचा, घरी माया भाषा बोलणारा. तो काठीने मातीत आकडे काढून दाखवतो : टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. शून्यावर फक्त आपलाच हक्क आहे असं समजणारे काका इथे थोडे गप्प होतात.

उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा. प्रतिध्वनी टाळीसारखा येत नाही, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा उशिरा परततो, म्हणून असं होतं. गाइड सांगतो की हा केत्साल पक्ष्याचा आवाज. ते मुद्दाम साधलंय की योगायोग, यावर गाडीत परतताना वाद घाला.

चेंडूच्या खेळाचं मैदान चुकवू नका. लांबी सुमारे १६८ मीटर, आणि भिंतीत जवळजवळ सहा मीटर उंचीवर दगडी कडी. रबरी चेंडू हाताने नव्हे, कमरेने उडवायचा. भिंतीच्या तळाशी शिर उडवलेला खेळाडू कोरलाय, मानेतून रक्ताऐवजी साप निघालेले. अगदी लहान मुलांना तिथून पटकन पुढे न्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

विक्रेते खूप आहेत. मध्येच जग्वारची डरकाळी ऐकू आली तर घाबरू नका, ती विकायची शिट्टी असते. घासाघीस चालते.

पाणी आणि जेवण

युकातानात जमिनीवर नद्या नाहीत. चुनखडीतून पाणी खाली झिरपतं आणि छत कोसळलं की विहीर उघडी पडते, तिला सेनोते म्हणतात. 'चिचेन' या नावाचाच अर्थ विहिरीचं मुख. आपण पोहायला जवळच्या इक किलला जातो. पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली आहे आणि पायऱ्या ओल्या असतात. गुडघे दुखत असतील तर वरच्या काठावरूनही छान दिसतं. आधी अंघोळ सक्तीची आहे, सनस्क्रीन लावून उतरता येत नाही.

जेवण वायादोलिद शहरात. मक्याची तोर्तिया म्हणजे पातळ भाकरीच, आपल्याला परकी वाटत नाही. मात्र शाकाहारी मंडळींनी काळ्या घेवड्याच्या उसळीबद्दल विचारून घ्यावं, तिच्यात डुकराची चरबी असू शकते. "सिन कार्ने, सिन मान्तेका" (मांस नको, चरबी नको) एवढं पाठ करा. अंडं चालत असेल तर भोपळ्याच्या बियांच्या रश्शातले पापाद्झुलेस, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या तोर्तिया, मागवा. आबानेरो मिरचीला कोल्हापूरकरांनीही आव्हान देऊ नये.

एकाच दिवसात तुलुमही, म्हणजे समुद्रकाठचे माया अवशेषही, दाखवा, असा आग्रह होतो. आम्ही नाही म्हणतो. परतताना तो मिळालेला एक तास परत द्यावा लागतो, आणि कानकूनला पोचेपर्यंत सहा वाजतातच.

तिकिटं दोन असतात, एक केंद्र सरकारचं, एक राज्याचं. दोन्ही आमच्या दरात धरली आहेत. टोपी, बंद बूट, सुटे पेसो आणि पोहण्याचे कपडे एवढं तुमच्याकडे असू द्या. जून ते ऑक्टोबर दुपारी पाऊस येतो, तेव्हा रेनकोटही. ड्रोन आणू नका, बंदी आहे.

गाडी सव्वासहाला हॉटेलच्या दाराशी उभी असेल. नाश्त्याचा डबा आणि थर्मासभर आल्याचा चहा आमच्याकडून.