विश्वकोश की विकिपीडिया? प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावरचा घोळ

नववीच्या प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या की मी आधी शेवटचं पान उघडते. ‘संदर्भ’ या मथळ्याखाली बहुतेकांचं ठरलेलं असतं : गूगल, इंटरनेट, विश्वकोश. गूगल हा संदर्भ नव्हे, हे पोरांना चटकन पटतं. ग्रंथालयात जाऊन आलो म्हणजे पुस्तक वाचलं असं होत नाही. गंमत ‘विश्वकोश’ या शब्दाची आहे. कोणता, असं विचारलं की मोबाइलवर विकिपीडियाचं पान समोर धरतात. “मॅडम, हापण विश्वकोशच ना?”

अगदीच चूक नाही त्यांचं. पण ‘मराठी विश्वकोश’ हे एका ठरावीक ग्रंथमालेचं नाव आहे. राज्य सरकारचा हा प्रकल्प वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिला. पहिला खंड १९७६ चा. एकूण खंड २०, आणि शेवटचा हाती यायला एकविसावं शतक उजाडलं. मराठी विकिपीडिया २००३ सालचा, कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तिथेच फसगत होते.

विश्वकोशातली नोंद विषयाच्या जाणकाराने लिहिलेली आणि संपादकांच्या हाताखालून गेलेली असते. शेवटी लेखकाचं नाव येतं, आडनाव आधी. म्हणजे ‘हे कोण सांगतंय?’ याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. मुलं विचारायला विसरतात तो प्रश्न दुसराच : हे केव्हा सांगितलं?

औरंगाबाद जिल्ह्याचंच घ्या. ‘औ’ अक्षराचा खंड सत्तरच्या दशकात छापला गेला. जालना जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. त्यामुळे त्या खंडातल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या पोटात जालना आहे, आणि लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची. पोरगं तो आकडा उचलतं आणि वर मथळा देतं, ‘छत्रपती संभाजीनगर जिल्हा : लोकसंख्या’. आकडा खोटा नाही, शिळा आहे. नाव आजचं, सीमा कालच्या. त्यात आता विश्वकोशाच्या नव्या नोंदी संकेतस्थळावर येतात, म्हणजे जुनी नोंद वाचतोय की नवी, हेही बघावं लागतं.

विकिपीडियात सगळं उलटं. ‘केव्हा’ची अडचण नाही : ‘इतिहास’ उघडा, कोणत्या दिवशी किती वाजता काय बदललं ते दिसतं. ‘कोण’ मात्र बहुधा एखादं टोपणनाव, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तिथे विचारायचं, कशावरून? वाक्याच्या शेवटी बारीक आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की तळटीप मिळते.

वर्गात मी एवढाच खेळ घेते. प्रत्येकाने एक वाक्य निवडायचं, तळटिपीतला दुवा उघडायचा आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का ते बघायचं. कोणाचा दुवा मेलेला निघतो. कोणाचा उघडतो, पण त्यात भलतंच काही असतं. आणि ज्या वाक्याला तळटीपच नाही, त्यापुढे कधीकधी ‘संदर्भ हवा’ अशी खूण असते. एका वहीत वाक्याबरोबर तीही खूण सुवाच्य अक्षरात उतरवली होती! मी रागावले नाही. मजकूर इतक्या इमानाने उतरवणारा वाचत कसा नाही, एवढंच वाटलं.

“मग चांगलं कोणतं?” हा प्रश्न दर वर्षी येतो. बखर म्हणजे काय, बेसॉल्ट कसा तयार होतो, असलं काही हवं असेल तर मी डोळे मिटून विश्वकोशाकडे पाठवते. परवाच्या निवडणुकीचा निकाल हवा तर विकिपीडिया, पण तळटिपीसकट. दोन्हीकडे शब्दन्‌शब्द तेच वाक्य सापडलं, तर ते दोन पुरावे धरायचे नाहीत. एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं असू शकतं.

आणि जिल्ह्याचा आकडा? तो दोन्हीकडून उतरवायचा नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आहे. नाव ऐकूनच मुलांना जांभई येते. पण यंदा त्यातल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं साल एका मुलीने न सांगता वहीत लिहून आणलं.