विजेचा धाक ते चुंबकाची टकटक

पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारावर, मेंदूला उत्तेजना देऊन उपचार करण्याचे प्रयोग आज सुरू आहेत. पण खचलेल्या माणसाला वीज लावण्याची रीत निदान पहिल्या महायुद्धाइतकी जुनी आहे, आणि तेव्हाचा तिचा वापर अंगावर काटा आणतो.

१९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात सैनिकाचं मन खचणं, हा शब्द वैद्यकात आला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात त्याच युद्धाच्या काळात नऊ महिने वाचा गेलेला एक चोवीस वर्षांचा सैनिक होता. डॉ. लुईस यीलँड यांनी पडदे ओढले, दिवे मालवले, दारं बंद केली आणि त्याच्या घशाच्या मागच्या भिंतीला विजेचं टोक टेकवलं. चार तासांनी तो बोलला. यीलँड यांनी १९१८ च्या पुस्तकात हे यश म्हणून नोंदवलं. मला त्यात उपचार दिसत नाही, दिसतो तो धाक.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचा रेटा होता, म्हणून १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडीला जागा मिळाली. १९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या चुंबकीय कॉइलने, कवटी न उघडता आणि फारशी वेदना न होता, हाताचे स्नायू हलवून दाखवले. हेच टीएमएस, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला दिलेली उत्तेजना. आजही हाताचा स्नायू किती जोराच्या स्पंदाला फडकतो ते पाहून मात्रा ठरवतात, मग कॉइल कपाळाच्या बाजूला सरकवतात आणि टकटक सुरू होते.

२००८ मध्ये अमेरिकेत टीएमएसला नैराश्यासाठी मान्यता मिळाली. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचा एक अभ्यास आला. ज्यांच्या अमिग्डलाला, म्हणजे भीती ओळखणाऱ्या बदामाएवढ्या भागाला, इजा झाली होती, त्यांच्यात पीटीएसडी आढळलाच नाही. नेमकं कुठे हात घालायचा, याचा केवढा मोठा धागा हा! तरीही पीटीएसडीसाठी टीएमएसला अमेरिकेत अजून मान्यता नाही. चाचण्या लहान आहेत आणि मेंदूची कुठली बाजू, स्पंदांचा किती वेग, यावर एकमत नाही.

२०२५ मध्ये टेक्सासमधल्या नऊ जणांच्या चाचणीत मानेतल्या व्हेगस मज्जातंतूवर बारीकसं उपकरण बसवलं गेलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, पण सहा महिन्यांनीही त्यांच्यापैकी कुणात पीटीएसडीचं निदान उरलं नव्हतं. तिथे रुग्ण समुपदेशकासमोर आपला आघात स्वतःच्या तोंडाने सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना विजेचे हलके स्पंद दिले जात होते.