उभयचरगृहाची स्वच्छता
उभयचरगृहाची स्वच्छता : पाळीव बेडूक, ॲक्सोलोटल (पाण्यातच राहणारा एक सॅलॅमँडर) इ. उभयचरांच्या काचपेटीतील विष्ठा, उरलेले खाद्य व दूषित पाणी काढण्याची पद्धत. उभयचर सहसा तोंडाने पाणी पीत नाहीत, कातडीवाटे शोषतात. म्हणून साबणाचा अंशही पेटीत राहता कामा नये. रोजची झाडपूस सर्वपरिचित आहे.

कोकणात प्रश्न पाण्याचा. जांभ्यातील विहिरीचे पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी व क्लोरीनविरहित असल्याने पसंत केले जाते (खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी वर्ज्य). पण विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव पाण्यातील क्षारता (आम्ल शमवण्याची क्षमता) खर्च करतात. ती मुळातच कमी असली की त्यांचे काम मंदावते आणि अमोनिया हा अमोनियमच्या सौम्य रूपात साचत जातो. अशा टाकीत अल्कधर्मी पाणी एकदम ओतल्यास त्याचे पुन्हा विषारी अमोनियात रूपांतर होते. स्वच्छ पाण्यात घातल्यावर जनावर दगावले, या तक्रारीचे हे एक संभाव्य कारण. थोडे थोडे पाणी वरचेवर बदलणे श्रेयस्कर.

सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) भुशाचे अंथरूण पावसाळ्यात आंबते. मूठभर भुसा पिळून पाणी ठिबकले, तर तो बदलावा.

निर्जंतुकीकरणाचा रोख मुख्यत्वे उभयचरांना घातक कातडीचा रोग जडवणाऱ्या कायट्रिड बुरशीवर असतो. तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झाले; उगमाबद्दल मतभेद आहेत. १९३८ मधील आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या नमुन्यात ती सापडल्याने, गर्भधारणा ओळखण्याच्या चाचणीसाठी झालेल्या या बेडकांच्या व्यापारातून ती पसरली, असे २००४ मध्ये सुचवण्यात आले. २०१८ मधील जनुकीय अभ्यास मात्र पूर्व आशियाकडे, विशेषतः कोरियाकडे, निर्देश करतो व प्रसाराचा काळ साधारण विसाव्या शतकाचा आरंभ मानतो. जुना नमुना केवळ तेथील अस्तित्व दाखवतो, उगम नव्हे; त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पश्चिम घाटातील बेडकांतही ही बुरशी आढळली आहे.

ती सु. १७ ते २५ अंश सेल्सिअसला चांगली वाढते व २८ च्या वर तिची वाढ खुंटते. किनाऱ्यावरील उकाडा तिला मानवत नाही, पण ॲक्सोलोटलसाठी १६ ते १८ अंशांवर थंड ठेवलेली टाकी मानवते. भांडी वाळवल्याने ती मरते. आषाढात ऊन नसल्याने विरंजक (ब्लीच) द्रावण वापरून भरपूर धुवावे लागते. टाकीतले पाणी व्हाळात (ओढ्यात) ओतू नये. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर, जेथे २००९ मध्ये वर्णिलेला स्थानिक भेक (टोड) राहतो, ही दक्षता विशेष महत्त्वाची.