मिक्सिंगच्या खोलीपासून लॅपटॉपपर्यंत

सकाळी नौपाड्यातल्या कार्यालयात लग्न लागतं आणि संध्याकाळी वाशीला रिसेप्शनच्या पडद्यावर त्याच लग्नाची चार मिनिटांची फिल्म दिसते. मधल्या वेळात कुणीतरी वधूपक्षाच्या खोलीत, प्लगजवळची जागा धरून लॅपटॉप उघडून बसलेला असतो. ‘सेम डे एडिट’ हल्ली बऱ्याच पॅकेजांत धरलेलंच असतं. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतली या कामातली मुलं लॅपटॉप घ्यायला निघाली की विचारतात, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, आपला कॅमेरा काय लिहितो, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने साठवतो?

व्हीएचएसच्या काळात लग्नाची कॅसेट ‘मिक्सिंगला’ जायची. एका व्हीसीआरवर चालवायची, दुसऱ्यावर हवं तेवढं उतरवायचं. मधला एखादा प्रसंग घालायचा राहिला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. १९८९ मध्ये अ‍ॅविडची कॉम्प्युटरवरची एडिटिंग यंत्रणा आली, १९९१ मध्ये अ‍ॅडोबीचं प्रीमिअर. पण कॅसेटवरचं चित्र आत घ्यायला कॅप्चर कार्ड लागे, आणि ते बसायचं टेबलावरच्या मोठ्या डब्यात. काम खोलीतच अडकलेलं होतं.

ते खोलीबाहेर काढलं डीव्ही कॅसेट आणि फायरवायर या जोडीने. दोन्ही १९९५ च्या सुमाराची. कॅमेराच आता डिजिटल चित्र लिहू लागला आणि एका वायरने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये यायला लागलं. १९९९ मध्ये फायनल कट प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं, २००० मध्ये अ‍ॅपलच्या पॉवरबुक लॅपटॉपला फायरवायरची जागा मिळाली. तासाभराच्या डीव्हीला साधारण १३ जीबी लागत, आणि तेव्हाच्या लॅपटॉपची अख्खी हार्ड डिस्क त्याच्याच आसपास असे. म्हणजे अडचण जागेची होती. प्रोसेसरवर फार ताण नव्हता, कारण डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते.

हे बदललं कॅमेरे एच.२६४, म्हणजे व्हिडिओ आवळून ठेवण्याच्या एका पद्धतीत, लिहायला लागले तेव्हा. २००८ च्या कॅननच्या ५डी मार्क टूने फोटोग्राफरांना व्हिडिओकडे ओढलं आणि तो एच.२६४ मध्येच लिहायचा. समजा, अक्षता पडतायत आणि मागची फुलांची सजावट जागची हललेली नाही. एच.२६४ पहिली फ्रेम पूर्ण ठेवतो; पुढच्या फ्रेममध्ये मुख्यतः जे बदललं तेवढंच लिहितो. फाइल लहान होते. पण एडिटर टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या क्षणाला थांबला, की लॅपटॉपला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून चित्र पुन्हा जुळवावं लागतं. फाइल हलकी, काम मात्र जड. यावर इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणलं. हे जुळवण्याचं काम करणारा वेगळा भागच प्रोसेसरमध्ये बसवला. अ‍ॅपलच्या एम१ चिपमध्येही, २०२० मध्ये, असाच स्वतंत्र भाग आहे.

त्याच २०२० मध्ये कॅननचा आर५ आणि सोनीचा ए७एस थ्री आले. हे दोन्ही कॅमेरे. दोन्हींत १०-बिट ४:२:२ रंगाचा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ नंतरची, आणखी आवळणारी पद्धत. यात रंगाची माहिती जास्त राहते, म्हणून हळदीच्या पिवळ्यात नि शालूच्या लालात कलर करताना हात मोकळा राहतो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांना आणि एम१ ला हे वाचता येत होतं. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डांना ते २०२५ मधल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं; तेव्हाच्या एएमडी प्रोसेसरांनाही नाही. म्हणून एएमडी प्रोसेसर आणि त्याआधीच्या आरटीएक्स ४० मालिकेचं कार्ड अशा जोडीचा महागडा गेमिंग लॅपटॉप नेमक्या याच फुटेजला अडखळतो. त्याच्या कार्डात काही खोट नसते, हे फुटेज उलगडणारा भागच तिथे नसतो. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून काम निभतं. पण त्या बनेपर्यंत थांबायला रिसेप्शनच्या दिवशी वेळ कुठला?

आणखी एक. बरेच गेमिंग लॅपटॉप चार्जर काढला की वेग उतरवतात, आणि कार्यालयात मोकळा प्लग मिळेलच असं नाही.

तेव्हा दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खिशात ठेवा. त्यातलं फुटेज टाइमलाइनवर टाकून, चार्जर काढून, पुढेमागे सरकवून बघा.