एका गोळीत दोन औषधं: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वादाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने आणखी १५६ एफडीसींवर, म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्र केलेल्या औषधांवर, बंदी घातली. रबाळे-महापेकडे औषधांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना अशा बातमीनंतर घरचे, शेजारचे दोन प्रश्न हमखास विचारतात. ही कॉम्बिनेशनं बाजारात आलीच कशी? आणि ती बनताना आतल्या कुणी काहीच कसं बोललं नाही? पहिल्याचं उत्तर परवान्यांच्या इतिहासात सापडतं. दुसऱ्यासाठी कामाच्या जागी कोण कुणावर किती भरवसा ठेवतं हे बघावं लागतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येईल. कळवा-दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा नवी मुंबई शहराच्याही आधीचा. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून फक्त प्रक्रियेवर ठेवलं, आणि १९७२पासून तो लागू झाल्यावर एकच औषध अनेक कंपन्या बनवू लागल्या. सगळ्यांकडे तीच गोळी असेल तर आपली वेगळी कशी दाखवायची? दुसरं औषध घालून. एवढ्याने सगळं उलगडत नाही, कारण काही जोड्यांची रुग्णाला खरोखरच गरज होती. क्षयाच्या रुग्णाला मूठभर गोळ्यांऐवजी एकत्रित गोळ्या दिल्या की तो त्यातली एखादी वगळत नाही. भारताच्या क्षय कार्यक्रमातही पुढे रोजच्या उपचारासाठी अशाच गोळ्या आल्या.

पण क्षयाचीच जोडी बनवायला अवघड. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड पोटातल्या आम्लात एकत्र आले की रिफॅम्पिसिन जास्त वेगाने विघटित होतं. गोळीत मात्रा बरोबर भरलेली असते, रक्तात मात्र औषध कमी पोचतं. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनला विरघळण्यासाठी अल्कधर्मी घटक लागतात, आणि त्याच घटकांच्या सहवासात हायड्रोक्लोरोथायाझाइड टिकत नाही. म्हणून ती गोळी दोन थरांची करतात. मधुमेहात अडचण वेगळीच: ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनच्या जोडीला १ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. ते १ मिलिग्रॅम प्रत्येक गोळीत सारखं उतरलं पाहिजे.

विश्वासाचा प्रश्न इथेच, औषधं मिसळणाऱ्या ब्लेंडरपाशी, उभा राहतो. सॅम्पलिंग रॉडने ब्लेंडरमधल्या वेगवेगळ्या जागांचे नमुने निघतात. बाकी सगळे ठीक येतात, एक कमी येतो. शिफ्ट बदलायची वेळ झालेली, गोळ्या दाबणारं कॉम्प्रेशन मशीन लागलेलं, प्लॅनिंगचा फोन दोनदा येऊन गेलेला. क्यूसीमधली, म्हणजे गुणवत्ता तपासणीतली, मुलगी नोकरीला नवी. नमुना काढताना चूक झाली, की मिश्रणच नीट झालेलं नाही? ऑपरेटरला बहुतेक वेळा अंदाज असतो, कारण आज ग्रॅन्युल्स, म्हणजे ज्यांची गोळी दाबतात ते दाणे, नेहमीपेक्षा कोरडे होते हे त्याने हाताने पाहिलेलं असतं. तो ते बोलेल की नाही, हे मागच्या वेळी बोलणाऱ्याचं काय झालं यावर ठरतं.

आता परवान्यांकडे. या सगळ्या इतिहासात १९८८ ते २०१८ या तीस वर्षांइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. सप्टेंबर १९८८मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली. आधी मंजूर असलेली दोन औषधं पहिल्यांदाच ठरावीक प्रमाणात एकत्र करायची असतील तर ते 'नवीन औषध' धरलं जाईल आणि त्याला केंद्राची मंजुरी लागेल, असं ठरलं. कारखान्याचा उत्पादन परवाना मात्र राज्याकडून मिळत होता. कंपन्या राज्याकडे अर्ज करत राहिल्या आणि अनेक राज्यं केंद्राची मंजुरी न बघता परवाने देत राहिली. एका राज्यात नकार मिळाला तर दुसरं राज्य होतंच. २००७मध्ये केंद्राने अशा २९४ एफडीसी मागे घ्यायला सांगितल्या; उत्पादक न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली आणि विषय रेंगाळला. मे २०१२मध्ये एका संसदीय समितीने या कारभारावर कडक अहवाल दिला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१२ ही रेषा ठरली: यापुढे केंद्राच्या मंजुरीशिवाय राज्यांनी परवाना द्यायचा नाही, आणि त्याआधीच्या परवान्यांवर चालणाऱ्या उत्पादनांची सुरक्षितता व परिणामकारकता कंपन्यांनी १८ महिन्यांत सिद्ध करायची.

सहा हजारांहून जास्त अर्ज आले. ते तपासायला २०१४मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १० मार्च २०१६ रोजी एका फटक्यात ३४४ एफडीसींवर बंदी आली, तीही तात्काळ. घराघरांत माहीत असलेली खोकल्याची, सर्दीची, अंगदुखीची औषधं त्यात होती. कंपन्यांचं म्हणणं असं: परवाना सरकारनेच दिला, वर्षानुवर्षं विक्री झाली, बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, आणि कायद्याने नेमलेल्या तांत्रिक मंडळाचा सल्लाही घेतला नाही. या शेवटच्या मुद्द्यावर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०१६ रोजी बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ला उलट सांगितलं की असा सल्ला बंधनकारक नव्हता. तरीही प्रकरण त्याच मंडळाकडे नव्याने तपासायला पाठवलं. १९८८च्या आधीपासून चालत आल्याचा दावा असलेली १५ औषधं त्यातून वगळली. अखेर ७ सप्टेंबर २०१८ रोजी ३२८ एफडीसींवर बंदी आली. इतका फिरून आलेला निकाल आकड्याने पहिल्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

बंदीची पद्धत सदोष होती हे मान्य. पण युक्तिवाद कार्यपद्धतीभोवतीच फिरत राहिला आणि मूळ गोष्ट मागे पडली: ही जोडी याच प्रमाणात का, याला उत्तर होतं का? अशा उत्पादनांच्या विकसनाच्या फाइली ज्यांनी हाताळल्या त्यांना ठाऊक आहे, की त्यात अनेकदा एवढंच कारण असायचं: प्रतिस्पर्ध्याची अशी गोळी बाजारात आहे. फॉर्म्युलेशनमधल्या, म्हणजे गोळीची घडण ठरवणाऱ्या विभागातल्या, कुणी शंका काढली की 'परवाना आहे ना?' या तीन शब्दांत विषय मिटायचा. परवाना औषधशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला गेला आणि विचारणाऱ्याची विचारायची सवयच गेली. बंदीने जो पैसा बुडाला त्याची चर्चा भरपूर झाली. या नुकसानीची झाली नाही.

याच सुमारास दुसरीकडून दडपण आलं. औषधाच्या चाचणीत मर्यादेबाहेरचा निकाल आला तर पास होईपर्यंत चाचण्या करत राहणं चालणार नाही, आधी कारण शोधा, असं अमेरिकेतल्या एका न्यायालयाने १९९३मध्येच बजावलं होतं. २०१३च्या आसपासपासून भारतीय कारखान्यांना तिकडच्या नियामकाची इशारापत्रं येऊ लागली. पुसलेल्या फाइली, नोंदीत न धरलेली 'ट्रायल' इंजेक्शनं (चाचणीयंत्रात नमुना सोडून आधीच बघून घेणं), मागच्या तारखेच्या सह्या असे मुद्दे त्यात असत. कंपन्यांनी ऑडिट ट्रेल, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद, सुरू केले, पासवर्ड वेगळे केले, प्रत्येक वजनकाट्याला प्रिंटर जोडला. हे हवंच होतं. पण नोंद कुणी बदलली हे ऑडिट ट्रेल दाखवतो. ग्रॅन्युल्स कोरडे होते हे ऑपरेटरला वेळेवर सांगावंसं वाटणं ऑडिट ट्रेलच्या आवाक्याबाहेरचं आहे. जिथे प्रत्येक डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाच्या नोंदीच्या, शेवटी 'मानवी चूक, प्रशिक्षण दिले' असं लिहून माणसाला मेमो मिळतो, तिथे डेव्हिएशन कमी दिसतात एवढंच.

या पट्ट्यात त्यात आणखी एका अंतराची भर पडली. २००३मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला करसवलती मिळाल्या तसं बरंच उत्पादन हिमाचलमधल्या बद्दीकडे सरकलं. ऐरोली-महापेच्या जुन्या कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क उभे राहिले. इथे प्रयोगशाळा आणि कार्यालयं उरली, गोळ्या तिकडे बनू लागल्या. दोन थरांच्या गोळीचं टेक ट्रान्सफर, प्रयोगशाळेतली कृती कारखान्याकडे सोपवणं, म्हणजे पन्नास-साठ पानांचा कागद आणि एकमेकांना क्वचित भेटणारी दोन माणसं. थर सुटायला लागला की रबाळ्याचा म्हणतो मशीनचा दाब चुकला, बद्दीचा म्हणतो फॉर्म्युलाच कच्चा. ज्या कंपन्यांनी पहिल्या बॅचला फॉर्म्युलेशनचा माणूस तिकडे पाठवला आणि तिकडच्या ऑपरेटरला इकडच्या ट्रायल बॅचला बोलावलं, तिथे हे भांडण लवकर मिटलं.

२०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात मर्यादा आली ती अत्यावश्यक यादीतल्या नेमक्या औषधांवर, आणि यादीबाहेरच्या बऱ्याच जोड्या तिच्याबाहेर राहिल्या. त्यामुळे मार्केटिंगकडून नव्या कॉम्बिनेशनची मागणी थांबली नाही. २०१९च्या नव्या नियमांतही एफडीसी 'नवीन औषध' याच वर्गात आहेत. जून २०२३मध्ये १४ आणि ऑगस्ट २०२४मध्ये १५६ बंद झाल्या. दरम्यान डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायच्या उत्पादन पद्धतीचे नियम, बदललं. गुणवत्ता जोखमीचं व्यवस्थापन आणि बिघाडाचं मूळ कारण शोधणं आता छोट्या कारखान्यांनाही चुकत नाही, आणि त्यांना दिलेली वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंतची होती. तुर्भे-पावणे भागातल्या छोट्या युनिटमध्ये क्यूए (गुणवत्ता हमी) म्हणून एकदोनच माणसं असतात. बॅच थांबवायची सही त्यांची, आणि त्यांचा पगार ठरवणारा मालक शेजारच्याच केबिनमध्ये.