क्रोमबुक आणि स्वस्त विंडोज लॅपटॉप: रोज मराठी टंकणाऱ्याने कोणता घ्यावा?

दुकानात शेजारी शेजारी दोन लॅपटॉप मांडलेले असतात. दोन्हींचा पडदा १४ इंची, दोन्हींवर एकाच कंपनीचे नाव, किंमतपट्टीवर इंटेल सेलेरॉन एन ४५००, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण असा सारखाच मजकूर, आणि किमतीत फरक असलाच तर दोन-चार हजारांचा. विक्रेता दोन्हींना लॅपटॉपच म्हणतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मात्र त्यांतला एक क्रोमबुक असतो आणि दुसरा विंडोजवर चालणारा. भाषांतर, मुद्रितशोधन, वृत्तलेखन, प्रबंधलेखन किंवा कार्यालयीन टिपण्या अशा कामासाठी ज्याला रोज चार-पाच तास टंकायचे असते आणि हातात पंचवीस-तीस हजारांपेक्षा जास्त रक्कम नसते, त्याच्यासाठी हा फरक प्रोसेसर, रॅम वगैरे आकड्यांपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

ओळखण्याची सर्वांत सोपी खूण कळफलकावर सापडते. क्रोमबुकच्या कळांवर इंग्रजी अक्षरे सहसा स्मॉल लिपीत छापलेली असतात, विंडोजच्या लॅपटॉपवर ती कॅपिटल असतात. कॅप्स लॉकच्या जागी क्रोमबुकवर भिंगाचे किंवा वर्तुळाचे चिन्ह असलेली कळ असते. सर्वांत वरच्या ओळीत एफ १ ते एफ १२ नसतात. त्याऐवजी मागे जाणे, पान ताजे करणे, प्रकाश आणि आवाज कमी-जास्त करणे अशी चिन्हे असतात. डिलीट, होम आणि एंड या कळा बहुतेक क्रोमबुकवर नसतातच.

पहिले क्रोमबुक २०११ मध्ये एसर आणि सॅमसंग यांनी बाजारात आणले. त्यावर गूगलची क्रोमओएस ही लिनक्सच्या पायावर उभी असलेली प्रणाली चालते आणि तिचा बहुतेक सारा व्यवहार क्रोम ब्राउझरमधून होतो. अँड्रॉइडची ॲप्स त्यावर घेता येतात, परंतु विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम नेहमीसारखा सीडीवरून किंवा डाउनलोड करून त्यावर बसवता येत नाही. खरेदीचा निर्णय शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. त्याकडे वळण्यापूर्वी, सारख्याच सामग्रीचे हे दोन लॅपटॉप वापरताना इतके निराळे का वाटतात, ते पाहू.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. स्वस्त लॅपटॉप नेमका या किमान रेषेवर उभा असतो, आणि किमान म्हणजे जेमतेम हा अर्थ तो घेतल्यावर दोन महिन्यांत कळतो. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजच्या हिशेबाने ते साठच्याही आत भरतात, त्यांतला मोठा वाटा प्रणाली स्वतःच अडवते, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटच्या वेळी आणखी जागा मागते. ईएमएमसी ही मोबाइलमधल्या साठवणीच्या जातीची असते आणि एसएसडी या वेगवान साठवणीच्या तुलनेत संथ असते. त्यामुळे पाठीमागे अपडेट उतरत असताना किंवा विषाणूतपासणी चालू असताना कळ दाबल्यानंतर अक्षर उमटायला क्षणभर उशीर होतो. इंग्रजी टंकणारा माणूस हा उशीर चालवून घेतो. मराठीत एकेका जोडाक्षराला तीन-चार कळा लागतात. हलंत बसला की नाही हे पडद्यावर दिसेपर्यंत बोट पुढे गेलेले असते, आणि मग ‘शक्य’चे ‘शकय’ झालेले दोन ओळींनंतर लक्षात येते.

त्याच प्रोसेसरवर, तितक्याच रॅमवर क्रोमओएस मात्र सुसह्य चालते, कारण तिचा पसाराच लहान असतो. पाच-सहा टॅब आणि एक लांबलचक दस्तऐवज उघडा असेल तर अक्षरे बोटांबरोबर उमटतात. वीस टॅब उघडल्यास तीही अडखळते, हे मान्य केले पाहिजे. ‘इंटरनेट नसेल तर क्रोमबुक म्हणजे डबाच ना’ हा आक्षेप आता जुना झाला आहे. गूगल डॉक्समध्ये ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवली, तर एसटीच्या प्रवासातही लेख पुरा करता येतो आणि इंटरनेट मिळाल्यावर तो आपोआप जतन होतो. ही सोय चालू करायला विसरलेला माणूस मात्र घाटात हात चोळत बसतो.

आता प्रत्यक्ष कळफलकाकडे येऊ. याबाबत दोन्ही प्रकारांत चांगले आणि वाईट नमुने सापडतात, त्यामुळे हे पाहणे लॅपटॉपच्या जातीवर सोडून देता येत नाही.

मराठी टंकणाऱ्यांत इनस्क्रिप्ट वापरणारे पुष्कळ आहेत. या मांडणीत बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. के या कळेवर क आणि शिफ्टसह ख, डी वर हलंत, एन वर ल आणि शिफ्टसह ळ, असा तिचा क्रम आहे. इंग्रजी टंकणाऱ्याला जिथे क्वचितच जावे लागते, त्या उजव्या कडेच्या कळांना इनस्क्रिप्टमध्ये रोजचे काम असते. अर्धविरामाच्या कळेवर च आहे, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ, चौकटी कंसावर ड आणि ढ, आणि एंटरच्या आसपास असलेल्या उलट्या तिरक्या रेघेच्या कळेवर ॉ. आकार लहान ठेवण्यासाठी काही कंपन्या नेमक्या याच कडेच्या कळा अरुंद करतात. साडेअकरा इंचांच्या लॅपटॉपवर हे हमखास दिसते. ‘डॉक्टरकडे’ हा एक शब्द टंकून पाहावा: ड, ॉ, ट आणि पुन्हा ड, अशी चार अक्षरे करंगळीच्याच वाट्याला येतात, आणि कळ अरुंद असेल तर करंगळी दर दुसऱ्या वेळी एंटर दाबते.

साधारण प्रमाण असे की एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असावे. १४ इंची लॅपटॉपमध्ये अक्षरांच्या कळांना ते बहुधा मिळते. १५.६ इंची लॅपटॉप अधिक ऐसपैस असेल असे वाटते, पण त्यात उजवीकडे आकड्यांचा गट घातलेला असल्यास अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि माणूस दिवसभर किंचित तिरका बसतो. माझ्या मते ज्याला आकडेमोड करायची नाही, त्याने १४ इंचीच घ्यावा. दुकानात जी आणि एच या मधल्या कळा दोन बोटांनी जरा जोरात दाबून पाहाव्यात. सगळा पत्रा खाली झुकत असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवावा, मग त्याचा प्रोसेसर कितीही नवा असो.

संपादन करणाऱ्यासाठी डिलीट ही कळ नसणे ही क्रोमबुकची खरी अडचण आहे. देवनागरीत बॅकस्पेस साधारणतः एकेक खूण मागे घेते, म्हणजे ‘कि’ मधली वेलांटी आधी जाते आणि क राहतो. डिलीट मात्र पुढचे अक्षर मात्रेसकट उचलते. मुद्रितशोधक या दोन्ही कळा विचार न करता वापरत असतो. क्रोमबुकवर डिलीटचे काम भिंगाची कळ आणि बॅकस्पेस एकत्र दाबून होते, ओळीच्या टोकाला जाण्यासाठी भिंग आणि उजवा बाण लागतो. आठवडाभरात सवय होते, पण दिवसा कार्यालयात विंडोज आणि रात्री घरी क्रोमबुक अशी विभागणी असेल तर बोटे कायमची गोंधळलेली राहतात.

पडद्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर बारीक देवनागरीतला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, आणि ‘सर्वांत’ मधला अनुस्वार राहिला की नाही हे पाहण्यासाठी डोळे बारीक करावे लागतात. १९२० गुणिले १०८० चा पडदा मिळत असेल तर त्यासाठी दोन हजार रुपये जास्त द्यावेत.

आता थांबवून ठेवलेला मुद्दा: विंडोजचे प्रोग्रॅम क्रोमबुकवर बसत नाहीत. आपण टंकलेला मजकूर पुढे कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न मराठीत इंग्रजीपेक्षा फार जड आहे. इंग्रजी मजकूर कोणत्याही यंत्रावर टंकला तरी पुढच्याकडे तसाच उघडतो. मराठीत युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरे देणाऱ्या पद्धतीच्या, आधीपासून चालत आलेल्या श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांसारख्या फॉन्टांत काम करणारी छापखान्यांची आणि डीटीपी केंद्रांची दुनिया अजून जिवंत आहे. तिथे पेजमेकर हा पानांची मांडणी करणारा प्रोग्रॅम चालतो, त्याला जुने फॉन्ट लागतात, आणि हे सगळे विंडोजवरचे आहे. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचा सगळा मजकूर मी क्रोमबुकवर युनिकोडमध्ये टंकून एका छापखान्याला दिला. त्यांनी तो जुन्या फॉन्टात बदलणाऱ्या रूपांतरकातून काढला आणि पहिल्या प्रुफात ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांची जी काही वाताहत झाली होती, ती निस्तरण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ‘कार्यकर्त्यांच्या’ हा शब्द प्रत्येक पानावर वेगळ्या रूपात भेटत होता. ज्याचे पोट अशा छापखान्यांच्या कामावर आहे, त्याने क्रोमबुकचा विचारच करू नये.

टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी, मग ती मिनिटाला ३० शब्दांची असो की ४० शब्दांची, संस्थांमध्ये ज्या प्रोग्रॅमवर सराव होतो तो विंडोजवर चालतो. जुन्या टंकयंत्रावरून आलेली रेमिंग्टन मांडणी ज्यांच्या बोटांत बसली आहे, त्यांना ती पुरवणारी साधनेही मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेली आहेत. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, आणि २०१९ पासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही त्यात अंगभूत मिळतो.

उलट ज्याचा मजकूर संकेतस्थळावर, ईमेलने किंवा सामायिक दस्तऐवजातून जातो, म्हणजे ज्याचे सगळे व्यवहार युनिकोडमध्ये आहेत, त्याला विंडोजचे हे सामर्थ्य वापरायची वेळच येत नाही आणि त्याचा भार मात्र रोज सोसावा लागतो. अशा माणसाला वीस हजारांच्या आसपास क्रोमबुक घेणे शहाणपणाचे आहे असे माझे मत आहे. गूगल डॉक्समध्ये ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्टही मिळतो, ज्यात ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत. हिंदी वळणाचा ल पाहून ज्यांचे डोळे दुखतात त्यांच्यासाठी हे सांगितले. एक सावधगिरी बाळगावी: वर्डची संगणकावर बसवायची पूर्ण आवृत्ती क्रोमबुकवर चालत नाही, ब्राउझरमधली चालते. समोरचे कार्यालय विशिष्ट फॉन्टात आणि ठरावीक पानसंख्येत वर्डची फाइल मागत असेल, तर फॉन्ट बदलताच ओळी तुटून बारा पानांची तेरा पाने होऊ शकतात.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी दोन्हीकडे एकेक सापळा आहे, आणि दोन्ही सापळे तारखांचे आहेत. क्रोमबुकला गूगलकडून अपडेट मिळण्याची मुदत ठरलेली असते. २०२१ पासूनच्या क्रोमबुकसाठी ती दहा वर्षांची आहे. ही दहा वर्षे आपण पैसे मोजले त्या दिवसापासून मोजली जात नाहीत, तर ते क्रोमबुक ज्या हार्डवेअर-संचावर बेतले आहे तो संच बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात. त्यामुळे सात-आठ हजारांत मिळणाऱ्या वापरलेल्या क्रोमबुकची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असू शकते. सेटिंगमध्ये क्रोमओएसच्या माहितीच्या पानावर ही तारीख दिसते. ती दुकानातच उघडून पाहावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या बाजारात ‘कंपनीतून निघालेला, कंडिशन एकदम टॉप’ म्हणून दाखवला जाणारा लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचा असेल, तर त्याचा कळफलक कितीही चांगला असला तरी किंमत निम्मी करून मागावी. आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कार्यालयीन वापराचा लॅपटॉप त्याच किमतीत मिळाला, तर विंडोज हवे असणाऱ्याने नव्या सेलेरॉनपेक्षा तो बेलाशक घ्यावा. असे लॅपटॉप मुळात दिवसभर टंकण्यासाठीच बनवलेले असतात, आणि त्यांची रॅम व कळफलक बदलून देणारा कारागीर गावातही सापडतो. क्रोमबुकच्या बाबतीत रॅम बहुधा मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि सुटा कळफलक मिळवताना दमछाक होते.

दुकानात जाताना कागदावर एक वाक्य लिहून न्यावे: ‘डॉक्टरांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ज्ञानेश्वरने कॉफी पिता पिता दुरुस्त केल्या.’ आपल्या नेहमीच्या मांडणीचा कळफलक सेटिंगमधून चालू करून घ्यावा, विंडोजवर विंडोज कळ आणि स्पेस, क्रोमबुकवर कंट्रोल आणि स्पेस दाबून भाषा बदलावी, आणि हे वाक्य दहा वेळा टंकावे. ऱ्ह, ज्ञ आणि ॉ कुठे आहेत हे शोधावे लागले, किंवा पाचव्या वेळेनंतर करंगळी एंटरवर जाऊ लागली, तर विक्रेता सवलतीबद्दल काय सांगतो आहे ते ऐकण्याची गरज उरत नाही.