१.२४ चा वर्ग आणि ढगांचं गणित

पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला आणि २०२४ मध्ये ‘अर्का’. ‘अर्का’ची बातमी वाचून आमच्या एका काकांनी विचारलं, “म्हणजे जुन्यावरचा प्रोग्राम उचलून नव्यावर टाकायचा, एवढंच ना?” मोबाइल बदलताना फोटो जातात तसं. मी “हो, जवळपास” म्हणून वेळ मारून नेली आणि तेव्हापासून मला ते उत्तर खातंय.

अशा महासंगणकांवर हवामान-मॉडेलं, म्हणजे हवामानाचं गणित करणारे प्रोग्राम चालतात, आणि जगातली बरीचशी मॉडेलं आजही फोर्ट्रानमध्ये आहेत. ही प्रोग्राम लिहायची भाषा आयबीएमने १९५७ साली बाजारात आणली. प्रोसेसरला फोर्ट्रान कळत नाही, त्याला फक्त स्वतःच्या आज्ञा कळतात. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. प्रोसेसर बदलला की दुभाषाही बहुधा बदलतो आणि तेच गणित तो वेगळ्या शब्दांत सांगतो. आता गणित तेच म्हटल्यावर शब्द कुठलेही असोत, काय बिघडलं?

बिघडतं ते राउंडिंगमुळे. संगणकात एका संख्येला साधारणपणे ६४ बिटांची जागा असते, त्यात सुमारे १६ अंक मावतात. पुढचे सोडून जवळात जवळची संख्या घेतली जाते, हेच राउंडिंग. म्हणून १ मध्ये १० चा सोळावा घात मिळवून तोच घात वजा केला तर उत्तर ० येतं, कारण तो बिचारा १ बेरजेतच गडप होतो. आधी वजाबाकी केली तर मात्र १ शाबूत राहतो. बेरजा कुठल्याही क्रमाने केल्या तरी चालतात हा शाळेतला नियम इथे लागू नाही.

आता माझी आवडती भानगड. समजा आपला संगणक फक्त तीन अंक लक्षात ठेवतो. १.२४ चा वर्ग १.५३७६, म्हणून तो लिहितो १.५४. त्यातून दुसऱ्या १.२४ चा वर्ग, म्हणजे पुन्हा १.५४, वजा केला की शून्य. सगळं ठीक.

नव्या प्रोसेसरांत मात्र ‘फ्यूज्ड मल्टिप्लाय-अ‍ॅड’ म्हणजे एफएमए नावाची आज्ञा असते. गुणाकार आणि बेरीज (किंवा वजाबाकी) ती एका दमात करते आणि राउंडिंग फक्त शेवटी, एकदाच. काम कमी, अचूकता जास्त. कंपायलर खूश! पण आपल्या उदाहरणात दोन वर्ग आहेत आणि एफएमएत एकच गुणाकार बसतो. दुसरा वर्ग आधी निघून १.५४ होऊन बसलेला असतो. मग एफएमए पहिला वर्ग न कापता घेते: १.५३७६ वजा १.५४. उत्तर −०.००२४.

सारख्यातून सारखं वजा केलं आणि ऋण संख्या आली! पुढच्या ओळीत याचं वर्गमूळ काढायचं असेल तर कार्यक्रम आटोपलाच. गंमत अशी की इथे कोणीच चुकलेलं नाही. प्रत्येक पायरी नियमानुसार आहे, उलट एक पायरी आधीपेक्षा जास्त अचूक आहे. आधी दोन चुका एकमेकींना खात होत्या, आपण त्यातली एकच दुरुस्त केली. इंटेलच्या प्रोसेसरांत एफएमए २०१३ च्या सुमारास आली, आर्म या दुसऱ्या घराण्याच्या ६४ बिटी प्रोसेसरांत ती मुळातच आहे, आणि जीसीसीसारखा कंपायलर प्रोसेसरमध्ये ती दिसली की तुम्हाला न विचारता वापरतो. प्रोग्रामची एक ओळही न बदलता आकडे बदलतात.

खऱ्या ६४ बिटांत हा फरक सोळाव्या अंकाच्या आसपासचा. एवढ्याने काय होतं? हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६१ मध्ये मॉडेल मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचं ०.५०६ भरलं, आणि मॉडेलमधल्या काही महिन्यांत हवामानाने पूर्ण वेगळी वाट धरली. सोळाव्या अंकाला वेळ जास्त लागतो, पण वाट तीच.

म्हणजे नव्या संगणकावरचं उत्तर जुन्याशी अंक-न्-अंक जुळणारच नाही. मग हा फरक निव्वळ राउंडिंगचा, की हलवाहलवीत कोणी खरंच घोळ घातलाय? एआय रातोरात फोर्ट्रानचं सी++ करून देईल, असं सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचंही उत्तर द्यावं. भाषांतर हा सोपा भाग आहे.

अमेरिकेत बोल्डर इथल्या एनसीएआर या वातावरण-संशोधन संस्थेचं सीईएसएम हे हवामान-मॉडेल सुमारे १५ लाख ओळींचं. तिथे पूर्वी नव्या यंत्रावर ४०० वर्षांचं हवामान चालवायचे आणि जाणकार शास्त्रज्ञ नजरेने ठरवायचे. २०१५ मध्ये त्यांनी वेगळी पद्धत मांडली. भरवशाच्या यंत्रावर एकच वर्ष १५१ वेळा चालवायचं, दर वेळी सुरुवातीच्या तापमानात चौदाव्या दशांशस्थानाच्या आसपास चिमूटभर फरक करून. त्यातून मॉडेलच्या स्वाभाविक चढउतारांचा पट्टा मिळतो. नव्या यंत्रावरचे निकाल त्या पट्ट्यात बसले तर पास.

अमेरिकेतल्याच आर्गोन प्रयोगशाळेतला ‘मायरा’ महासंगणक या परीक्षेत नापास झाला. शोध घेतल्यावर बोट गेलं एफएमएकडे, आणि फरक ठळक दिसला तो ढगांतल्या थेंबांचं, हिमकणांचं गणित करणाऱ्या भागात. एफएमए बंद केली आणि मायरा पास झाला. पुढे त्याच गटाच्या लक्षात आलं की वर्षभर चालवायचीही गरज नाही. वातावरणाचं मॉडेल अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पायऱ्यांनी पुढे सरकतं, त्यातल्या पहिल्या नऊ पायऱ्या पुरतात, म्हणजे मॉडेलमधले साडेचार तास.